आत्याच्या वाट्याचा घसारा

नाना, परवा महाळुंग्याला गेले होते. ओळखीतल्या एकाच्या मुलाने तिथे गाळा घेतलाय, त्याची पूजा होती. परत येताना भाची गाडी चालवत होती, तिला म्हटलं, जरा सावकाश घे, इथे कुठेतरी आमच्या आत्याचं शेत होतं. तिने घेतली. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, गेटं, कंटेनरच्या रांगा. ओढा होता तो पाइपात गेलाय. मला काहीच ओळखता आलं नाही. भाची म्हणाली, "मावशी, आज त्या शेताचे किती आले असते गं?" मी म्हटलं, "गप्प बस आणि पुढे बघ." ती जरा दुखावली. पण कुठलीही जागा दिसली की तिचे किती येतील, हे आमच्या घरात पहिल्यांदा तुम्ही म्हणायला लागलात, आणि तुमच्यानंतर ते कुणी म्हटलं की मला ऐकवत नाही.

तुम्ही वाईट होतात असं मी कधी कुणापाशी बोलले नाही. विचारलं तर "हुशार होते" एवढंच सांगते, आणि ते खरंच आहे. देहूरोडच्या डेपोत तुम्ही स्टोअरमध्ये कारकून होतात. रोज येणारा-जाणारा माल बघून तुमच्या डोक्यात एक गोष्ट आली, की माल कुणाचाही असो, खोकं लागतंच. तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. लोक त्या भिंतींकडे बघून नोकरीची स्वप्नं बघायचे, तुम्ही खोक्यांची बघितलीत. एक दिवस सकाळी तुम्ही डबा नेला नाहीत, तेव्हा आईला कळलं की नोकरी सोडली. चिंचवडला, स्टेशनच्या पलीकडे एक छपरी घेतलीत. आंब्याचे, सावरीचे ओंडके आणायचे, दोन करवतवाले ते हाताने कापायचे, आणि तुम्ही स्वतः फळ्या ठोकायला बसायचात. दिवसभर घाम गाळून जेवढी खोकी व्हायची त्याच्या चौपट लोक मागायचे. तुम्हाला इंजिन हवं होतं आणि पट्ट्यावर फिरणारी गोल करवत. पैसा नव्हता. तेव्हा तुम्हाला आत्या आठवली.

आत्या तुमच्याहून मोठी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूल नाही. दिराशी भांडून तिने नवऱ्याच्या वाटणीचं रान आपल्या नावावर करून घेतलं होतं आणि त्यात कांदा करायची. चाकणच्या बाजारात आपला कांदा आपणच घेऊन बसायची आणि भाव पाडणाऱ्या दलालाला सगळ्यांदेखत असं काही बोलायची की तो पुढच्या खेपेला तिच्याकडे आधी यायचा. तुम्ही मला बरोबर घेऊन तिच्याकडे गेलात. मी तेव्हा शाळेत जाणारी, परकरी. आत्याने पिठलं-भाकरी वाढली, वर कांदा फोडला. तुम्ही जेवता जेवता बोलायला लागलात, आणि मला नवल वाटलं, कारण घरी तुम्ही कधी असं बोलत नव्हतात. डेपोत शिकलेली स्वच्छ भाषा गेली आणि वाडीतली आली. "अक्का, अर्दा कारखाना तुजा. आमी निस्ते राबनार. तुला ह्या वयात कांद्यात वाकायला नगं." आत्या म्हणाली, "कागुद करायचा का रं, लहान्या?" ती तुम्हाला लहान्या म्हणायची. तुम्ही घास हातात धरून थांबलात आणि तिच्याकडे बघितलंत, रागाने नाही, दुःखाने. "तू म्हनशील तर करू की," म्हणालात. ती ओशाळली. "न्हाई रं. भावाभैनीत कागुद कसला? लोक हसत्याल." मी नंतर आयुष्यभर माणसांना सौदे करताना पाहिलं, पण मागणाऱ्याने देणाऱ्यालाच लाजवावं, हे इतकं सफाईने कुणाला जमलेलं बघितलं नाही.

रान तिने दिरालाच विकलं. ज्याच्याशी भांडून घेतलं त्यालाच. बिऱ्हाड उचलून ती आमच्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी चुलीपुढची जागा घेतली. इंजिन आलं, करवत आली. छपरीत माती उकरून पाया घातला, इंजिन बसवलं, नारळ फोडला. आत्याने यंत्राला हळदकुंकू लावलं. विधवेने लावलं म्हणून आई मागे सरकली, पण तुम्ही म्हणालात, "लावू दे. मालकीण आहे ती." तिच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी अजून विसरले नाही. इंजिनाचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, आणि स्वयंपाक करताना मध्येच तो थांबला की तिचा हातही थांबायचा.

मला तुम्ही शिकवायला लागलात ते त्याच सुमारास. मुलगा नव्हता आणि धाकटी बहीण अजून लहान, म्हणून असेल, किंवा नुसतं ऐकणारं कुणीतरी हवं असेल म्हणून. स्वयंपाकघरात, आत्या दळत असताना, तुम्ही पाटावर बसून विचारायचात, "सांग, पीठ काय आणि जातं काय?" मग स्वतःच सांगायचात, "पीठ हा खर्च. आज आणलं, उद्या संपलं. जातं हे भांडवल. एकदा आणलं की वर्षानुवर्षं पीठ देतं." दुसऱ्या दिवशी विचारायचात, "जात्याला टाकी लावून घेतली, झिजलेल्या खाचा पुन्हा कोरून घेतल्या, तर?" मी म्हणायची, भांडवल. "चूक. ती दुरुस्ती. जातं होतं तसं राहिलं, वाढलं नाही. म्हणजे खर्च." मग मी घरातली एकेक वस्तू घेऊन बसायची. गाय भांडवल, पेंड खर्च. छप्पर भांडवल, त्यावरचं गवत दरवर्षी बदलायचं म्हणून खर्च. तुम्ही खूष व्हायचात. एकदा मी विचारलं, "नाना, माझी शाळा काय?" तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "मुलगी म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात घातलेलं भांडवल. लावतो आपण, पिकतं तिकडे." आत्या दळायची थांबली. "लेकराला असं बोलत्यात व्हय?" तुम्ही हसून म्हणालात, "तिने विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगू?" मॅट्रिक झाल्यावर तुम्ही माझं शिक्षण थांबवलंत, तेव्हा मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. उत्तर आधीच मिळालेलं होतं.

आणि घसारा. हा शब्द मी तुमच्याकडून शिकले. त्या दिवशी छपरीत दुसरं यंत्र आलं होतं, रंधा मारणारं. मी विचारलं, ह्याला पैसे कुठून आणले? तुम्ही मला इंजिनाजवळ नेलंत आणि तेलकट हात पुसत सांगितलंत, "यंत्र जन्माला येतं त्या दिवसापासून मरायला लागतं. दरवर्षी थोडं. किती वर्षं जगेल ते धरायचं आणि दरवर्षी मेलेला तेवढा भाग कमाईतून काढून बाजूला ठेवायचा. तो नफा समजून खायचा नाही. ह्याला घसारा म्हणतात. जो घसारा खातो तो आपलंच यंत्र खातो. मी खाल्ला नाही. हे रंध्याचं यंत्र जुन्याच्या घसाऱ्यातून आलंय. जुनं व्यालं म्हण." मी त्या करवतीकडे बघत राहिले. मला ते इतकं सुंदर वाटलं, नाना. झिजणाऱ्या वस्तूला वेळच्या वेळी तिचं देणं द्यायचं, म्हणजे ती मरताना आपली जागा भरून जाते. शाळेत कुणी मला इतकी चांगली गोष्ट शिकवली नव्हती. हे एवढं सविस्तर लिहिते आहे ते अशासाठी, की तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. पुढे जे केलंत ते न कळून केलं नाहीत.

कारखान्यांत बाहेरगावची माणसं यायला लागली होती. बीडकडची, लातूरकडची, एकटी. चार-चार जण एका खोलीत राहायची, आणि पाव खाऊन पाळीला जायची. आमच्या छपरीतही तसे काहीजण होते. आत्या त्यांच्यासाठी जास्तीच्या भाकऱ्या थापायची. तिने हळूहळू डोक्यात जुळवलं. एक दिवस संध्याकाळी तुम्ही हातपाय धुऊन बसलात तेव्हा ती पदर सावरून समोर आली. "लहान्या, पिंपरीला खानावळ टाकावी म्हंते. पोरांना गरम जेवान मिळंना. दोन मोठी पातेली, परात, चार पाट आन एक छपरी. येवडंच लागंल. माज्या वाट्यातलं काय आसंल ते दे." तिने किती माणसं येतील, महिन्याला काय देतील, धान्य कुठून आणायचं, सगळं सांगितलं. तुम्ही मध्ये बोलला नाहीत. नीट ऐकून घेतलंत. मग तुम्ही शुद्ध भाषेत बोलायला लागलात, आणि मला तिथेच कळलं की तुम्ही देणार नाही. मागताना तुम्ही वाडीचे असायचात, नाही म्हणताना डेपोचे.

"अक्का, तुझा वाटा कशात होता? यंत्रात. तुझ्या रानाचं यंत्र झालं. रान झिजत नाही, यंत्र झिजतं. इतकी वर्षं ते रोज चाललंय. आता त्याची किंमत भंगाराची. भंगार विकेन त्या दिवशी निम्मं तुझं, माझा शब्द आहे." आत्याला आधी कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी शाळा शिकलेली म्हणून सांगेन. बाहेर उशिरापर्यंत काम चालू होतं, इंजिन धडधडत होतं. ती म्हणाली, "झिजलंय, तर मंग ते भाइर कोन वराडतंय?"

तुम्ही म्हणालात, "तो आवाज आहे, अक्का. आवाजाला किंमत नसते."

मग आईने विचारलं, वाढू का? तुम्ही म्हणालात, वाढ. आत्या उठली आणि तिनेच वाढलं.

एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तरी मी हे लिहायला बसले नसते कदाचित. भाऊ बहिणीला फसवतात, त्यात नवीन काही नाही. पण पुढच्याच महिन्यात तुम्ही पिंपरीला छपरी भाड्याने घेतलीत, पातेली आणलीत, परात आणलीत, पाट चिंचवडच्या छपरीतच ठोकून घेतलेत. आणि आत्याला म्हणालात, "तुझा विचार चांगला होता. मी तपासून बघितला. भांडवल मी घालतो, तू चालव." ती म्हणाली, "आन माजं काय त्यात?" तुम्ही म्हणालात, "जेवण, वर्षाची लुगडी, सणाला चोळी. बाहेरची बाई ठेवली असती तर एवढंच दिलं असतं, तुला कमी कसं देईन?" तिने विचार करायला एक रात्र मागितली. जायला तिला जागा नव्हती, हे तिला माहीत होतं, तुम्हालाही. सकाळी ती तयार होऊन बसली होती. तुम्ही म्हणालात, "निघायचं ना, अक्का?" ती म्हणाली, "व्हय, मालक."

त्यानंतर तिने तुम्हाला लहान्या कधीच म्हटलं नाही. तुम्ही आधी हसलात, मग एक-दोनदा चिडलात, मग ते तुमच्या अंगवळणी पडलं. खानावळीतला एखादा पोरगा म्हणायचा, "मावशे, तुमची खानावळ लई झ्याक," तर ती म्हणायची, "माजी न्हाई बाबा. मालक येत्यात सांजच्याला, त्येस्नी सांग." मी तिच्याबरोबर मदतीला असायची, म्हणून मी ऐकलंय. ती हे चिडून म्हणायची नाही. पाणी कुठल्या विहिरीचं, एवढ्या साध्या आवाजात सांगायची.

खानावळ चालली, कारण तिला ती चालवता येत होती. जळणाला चिंचवडहून ढलप्या यायच्या, ओल्या आंब्याच्या. फुकटचं जळण म्हणून तुम्ही तेच वापरायला लावायचात, आणि ते जळण्यापेक्षा धुमसायचं जास्त. खानावळीच्या छपरीला धुराडं नव्हतं. आत्याचे डोळे आधी नुसते लाल असायचे, मग सतत पाणी. मी तुम्हाला म्हटलं, नाना, तिथे धुराडं घाला. तुम्ही मला परीक्षा घेतल्यासारखं विचारलंत, "छपरी कुणाची?" मी म्हटलं, भाड्याची. "मग? भाड्याच्या भिंतीत पैसा पुरायचा नाही. उद्या सोडून गेलो तर धुराडं उचलून नेता येतं का?" हिशेबाने तुमचं चुकत नव्हतं. तुमचं हिशेबाने कधीच चुकायचं नाही, हीच अडचण होती. आत्या भाकरी अंदाजाने उलटायला लागली. तांदळातले खडे मी निवडून द्यायला लागले. एका दुपारी तिने कढत आमटी ताटात वाढायची ती एका माणसाच्या हातावर ओतली. तो बिचारा हात पाण्यात घालून बसला. पण बाकीच्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळी ते तुमच्यापर्यंत आलं.

तुम्ही संगमनेरकडचा एक आचारी आणलात. त्याने छपरीत पाय ठेवला, वर बघितलं आणि म्हणाला, "शेट, धुराडं असल्याबिगर आपण न्हाई बसणार." त्याच आठवड्यात धुराडं झालं. मी तुम्हाला काही विचारलं नाही, पण तुम्हीच म्हणालात, माझ्याकडे न बघता, "आचारी गेला तर गिऱ्हाईक जातं." म्हणजे तुम्हाला कळलं होतं मी काय विचारणार होते. आत्या तिथे कोपऱ्यात बसलेली होती. धूर वर जातोय हे तिला दिसत नव्हतं, पण वास कमी झाल्याचं जाणवलं असणार. ती म्हणाली, "बरं झालं. पोराचं डोळं ऱ्हातील."

मग तिला घरी ठेवायचं की कुठे, असा प्रश्न आला. आई म्हणाली, वन्संना मी बघेन. तुम्ही गप्प बसलात, आणि आमच्या घरात तुमचं गप्प बसणं म्हणजे नकार असायचा. दोन दिवसांनी आत्याचा दीर बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. त्याला कुणी कळवलं होतं, मला कधी समजलं नाही. तो घरात आला नाही, चहाही घेतला नाही. अंगणातूनच तुम्हाला म्हणाला, "हिचं रान माज्याकडं हाय. मंग हिचं दोन घास बी माज्याकडंच." ज्याच्याशी तिने उभा दावा मांडला होता, तो तिचा हात धरून तिला गाडीपाशी घेऊन गेला. मी पाया पडले तेव्हा तिने माझं तोंड चाचपलं. तुमच्या दिशेने तिने मान वळवली, पण तुम्ही कुठे उभे आहात त्याचा तिचा अंदाज चुकला, आणि ती भिंतीला म्हणाली, "येते, मालक." तुम्ही तिला हाक मारून सांगू शकला असतात की मी इकडे आहे. गाडी वळेपर्यंत तुम्ही उभे होतात. नंतर छपरीत गेलात. ती पुढे चार-दोन पावसाळे जगली, दिराच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. खायला वेळेवर मिळायचं, असं तिथल्या बायका सांगायच्या. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा माझं लग्न झालेलं होतं.

लग्नानंतर मी पुढे शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. सासऱ्यांनी फी भरली. तुमच्या हिशेबाने ते मूर्ख, कारण त्यांनी घातलेलं त्यांना फारसं मिळालं नाही, ते लवकर गेले. मी पिंपरीतल्याच एका कंपनीत हिशेब विभागात लागले आणि तिथेच म्हातारी झाले. कुणालाही नवं यंत्र हवं असलं की कागद माझ्या टेबलावर यायचा. किती घालायचं, किती वर्षांत सुटेल, तोवर यंत्र टिकेल का. तरुण पोरं म्हणायची, बाई, तुम्ही लगेच सांगता, कुठे शिकलात? मी म्हणायची, घरी.

तिथल्या पहिल्याच वर्षी, एका साध्या ताळेबंदावर काम करताना, मला अचानक हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. झालं असं होतं, की इतकी वर्षं मी तुमचं ते बोलणं निदान गणित म्हणून बरोबर धरून चालले होते. तुम्ही निर्दय होतात, पण गणित बरोबर, असं. आणि समोरच्या कागदावर मला दिसलं की ते गणितही नव्हतं. यंत्र झिजतं म्हणून घालणाऱ्याचा वाटा झिजत नाही. झिजेएवढी रक्कम कमाईतून बाजूला पडते आणि ती धंद्यातच असते, आणि धंद्यात जे असतं त्यात त्याचा वाटा असतो. आत्याचं रान भंगार झालं नव्हतं. ते रंध्याच्या यंत्रात होतं, पुढे घेतलेल्या मोठ्या छपरीत होतं, खानावळीच्या पातेल्यांत होतं. ती आपल्याच निम्म्या पातेल्यांत, लुगड्यावर, चाकरीने शिजवत होती. हे सगळं तुम्ही मला इंजिनाजवळ उभं राहून शिकवलं होतंत, आणि वर्षभराने त्याच तोंडाने तिला उलटं सांगितलंत, मी समोर बसलेली असताना. मी बोलणार नाही, ह्याची तुम्हाला खात्री होती का? की त्या दोन गोष्टी मला जोडता येणार नाहीत असं वाटलं? पहिलं असेल तर तुम्ही मला ओळखलं होतंत. दुसरं असेल तर ते मला जास्त लागतं.

तुम्ही तोवर अंथरुणाला खिळलेले होतात. मी एका रविवारी तुमच्याकडे आले, हे बोलायचंच असं ठरवून. तुम्ही उशाला टेकून बसला होतात, खिडकीतून जुन्या छपरीच्या जागी शेजाऱ्यांनी बांधलेलं गोदाम दिसत होतं. मी म्हटलं, "नाना, आत्याचा वाटा झिजला नव्हता." तुमची जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "किती वर्षं लागली तुला," म्हणालात. आणि तुमचा चेहरा, नाना, अभिमानाने भरून आला. लाज नव्हती त्यात, भीती नव्हती. लहानपणी गायपेंडीचं उत्तर बरोबर आलं की व्हायचा तसा झाला होता. मी तुमची चादर नीट केली आणि घरी आले.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि जाळायला मला चूल नाही, घरात गॅस आहे. तेव्हा ते कपाटात राहील आणि मी गेल्यावर भाची रद्दीत घालेल. तिला वाचायला सांगणार नाही. फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही ती इथे लिहून ठेवते. आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, त्या संपवून मग उठले, आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी ऑफिसात होते. मी इतकी रडले की दोघींना मला धरून घरी आणावं लागलं.